उत्तर भागाचं अमरधाम

नगररचना कार्यालयात उज्वलाची वीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची तीन नाशिकच्या उत्तर भागात गेली होती. म्हणजे बसायची ती कार्यालयातच, तिसऱ्या मजल्यावर. पण डोक्यात सगळा वेळ तोच भाग. पेठ रस्ता आणि दिंडोरी रस्ता यांच्या मधली गावं, द्राक्षबागा, फुलांचे मळे, आणि त्यांच्यात अधूनमधून उभ्या राहिलेल्या सात-सात मजली इमारती. अजून वीस वर्षांनी तिथं किती माणसं राहत असतील, हे तिनं सांगायचं होतं. त्या आकड्यावर रस्ते, शाळा, पाण्याच्या टाक्या, भाजीबाजार, सगळं ठरणार होतं.

आकडा काढायला धड काही हाताशी नव्हतं. शेवटची जनगणना दीड दशकामागची, पुढची अजून पुरी व्हायची. मग तिनं वीजमीटरांचे आकडे मागवले, शाळांचे पट मागवले, बांधकामाच्या परवानग्या चाळल्या. सुरगाण्याकडून बिगारी कामाला येणारी माणसं पावसाळ्यात भात लावायला परत जातात. त्यांना इथलं धरायचं की तिथलं, यावरून तिची आणि तिच्या वरिष्ठांची, वडनेरे साहेबांची, चांगलीच हुज्जत झाली. शेवटी तीन वेगवेगळ्या रीतींनी हिशेब करून, त्यांची सरासरी काढून तिनं पाच लाख लिहिले. साहेब म्हणाले, "जास्त वाटतात." पण सही केली.

पाच लाख माणसं राहणार म्हटल्यावर त्यातली काही मरणारही. त्या सबंध पट्ट्यात आज गावोगावच्या स्मशानातल्या पत्र्याच्या शेड सोडल्या तर काही नव्हतं. नव्या वसाहतींमधले लोक आपलं माणूस शहर ओलांडून नदीकाठच्या अमरधामात नेत. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या तेव्हा उज्वलाही त्या वाटेनं गेली होती. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेले. शववाहिनी एका सिमेंटच्या मिक्सरमागे अडकून राहिली, आणि मिक्सरवाला खाली उतरून फोनवर बोलत होता. महेश, तिचा नवरा, आईच्या पायाशी बसून शवपेटीच्या काचेवर हात ठेवून होता. त्याला काही बोलता येत नव्हतं आणि रडताही येत नव्हतं, कारण खिडकीतून शेजारच्या रिक्षातली माणसं बघत होती.

म्हणून उत्तर भागाच्या नकाशात तिनं एका मोठ्या अमरधामाचं आरक्षण टाकलं. जागा शोधायला वेळ लागला नाही. नाल्याकाठी सरकारी पडीक जमीन होती, एका बाजूनं मोठा रस्ता जाणार होता, कुणाचं काही हिरावून घ्यायला नको होतं. तिच्या हाताखालचा सर्व्हेअर गोरक्ष संगणकावर त्या तुकड्याला रंग भरत होता. भरता भरता थांबला.

"मॅडम, ही तुमच्या सोसायटीच्या मागची जागा ना?"

उज्वलानं चष्मा सारखा केला. होतीच. तिच्या सहाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिथल्या बाभळी दिसत. रोज बघूनही तिला गट नंबरावरून ती ओळखू आली नव्हती.

"असू दे," ती म्हणाली. "कुठंतरी करायचंच आहे."

आराखडा जाहीर झाला आणि हरकतींसाठी महिन्याची मुदत लागली. पहिल्या रविवारीच निसर्गवैभव सोसायटीचे सेक्रेटरी बाविस्कर आणि आणखी दोघं पेढे घेऊन घरी आले. बाविस्कर मूळचे मालेगावकडचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे गृहस्थ. सासूबाईंच्या वेळी शववाहिनी त्यांनीच मागवली होती.

"वहिनी, तुम्ही तिथं आहात म्हणून बरं," ते म्हणाले. "ही चूक तुमच्याच्यानं निघेल."

"चूक नाही बाविस्करकाका. ते आरक्षण मीच टाकलंय."

त्यांनी पेढ्याचा बॉक्स टीपॉयवर जरा पुढे सरकवला, जणू ऐकूच आलं नाही. "लोकांनी आयुष्यभराची कमाई घातलीय हो इथं. सकाळी खिडकी उघडली की समोर धूर, हे कसं चालेल?"

तिनं धुराड्याची उंची, झाडांची भिंत, गॅसदाहिनी असं बरंच सांगितलं. ते मान हलवत राहिले. महेशनं चहा केला, कप भरले, पण मधे तो काही बोलला नाही. ती मंडळी गेल्यावरही बोलला नाही. तिला वाटलं, दमला असेल. सातपूरच्या कारखान्यात त्याची त्या आठवड्यात पहिली पाळी होती.

मुदत संपल्यावर हरकतींचे गठ्ठे तिच्या टेबलावर आले. निसर्गवैभवच्या अर्जाला सह्यांची पानं जोडलेली होती. ती नावं मोजून नोंद करायची होती म्हणून ती एकेक ओळ वाचत गेली. सहावा मजला, फ्लॅट नंबर, आणि पुढं महेशची सही. त्याची सही तिरकी, शेवटी दोन टिंबं असलेली. कारखान्यातल्या पाळीच्या पत्रकावर करतो तशीच, घाईतली. तिनं पान उलटलं आणि पुढची नावं मोजली. मग मोजणी चुकली म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली.

संध्याकाळी घरी तिनं पर्स खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "सही केलीस तू?"

महेश भाजी निवडत होता. "लिफ्टपाशी कागद घेऊन उभे होते. सगळे करत होते, मीही केली."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगणार? तू म्हणणार, नको करूस. मग मी त्यांना काय सांगू? बायकोला विचारून येतो?"

"आईंच्या वेळी तू होतास ना त्या गाडीत?"

मेथीची काडी त्यानं तशीच हातात धरली. "होतो," तो म्हणाला. "म्हणूनच. रोज खिडकीतून तेच बघायला लावू नकोस मला."

त्याचं म्हणणं तिला इतक्या जवळचं कधी वाटलं नव्हतं, म्हणून तर राग जास्त आला. जेवणं झाली. पुण्याला शिकणाऱ्या सायलीचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला तेव्हा दोघंही तिच्याशी आळीपाळीनं हसून बोलले.

दुसऱ्या दिवशी उज्वला वडनेरे साहेबांकडं गेली. "सर, त्या आरक्षणाची सुनावणी माझ्याकडे नको. मी तिथंच राहते. माझ्या नवऱ्याचीही हरकत आहे."

साहेबांनी बोटांनी डोळे चोळले. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. "उज्वलाबाई, तीन पदं रिकामी आहेत. सुनावणी समिती घेणार, तुम्ही फक्त नकाशा समजावून सांगा. दुसरं कोण आहे माझ्याकडे? गोरक्ष?"

सुनावणीला निसर्गवैभवची पन्नासेक माणसं आली. तिला सगळी ओळखीची. गणपतीत आरतीला शेजारी उभी राहणारी, कोजागिरीला तिच्या हातचं दूध पिणारी. भिंतीवर नकाशा लावून ती काडीनं रस्ता, नाला, वाऱ्याची दिशा दाखवत होती, आणि ती माणसं नकाशाकडं न बघता तिच्याकडं बघत होती. बाविस्कर मुद्देसूद बोलले. लहान मुलांच्या मनावर परिणाम, फ्लॅटच्या किमती, धूर. मग खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला बाग द्या. इतकंच मागतो. अमरधाम नको असं कुणी म्हणत नाही. हवंच आहे. पण जरा लांब."

"लांब म्हणजे कुठे?" समितीतल्या एकानं विचारलं.

"ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या, आणि बसल्या.

समिती उठल्यावर साहेबांनी उज्वलाला थांबवलं. "दुसरी जागा बघा. जिथली हरकत आलेली नाही अशी."

ज्या गावातून एकही हरकत आली नव्हती असं गाव होतं पिंपळटेक. गोरक्षनं तिथला रस्त्यालगतचा एक गट शोधला, आणि दोघं कार्यालयाची गाडी घेऊन बघायला गेले. दुपार कलली होती. मळ्यात झेंडू फुलला होता, पलीकडे शेवंतीचे वाफे. भिमाजी ताजणे आणि त्यांची बायको नवसाबाई उद्याच्या बाजारासाठी फुलं तोडत होती. डोक्याला फडकी बांधलेली, कमरेला ओटी.

"मोजणीला आलात व्हय?" भिमाजींनी हात न थांबवता विचारलं. "रस्त्याची का?"

"रस्त्याची नाही दादा." उज्वला बांधावर उभी राहिली. तिची टाच सकाळपासून ठणकत होती. "उत्तर भागासाठी अमरधाम करायचंय. एक जागा ही बघतोय."

भिमाजींना आधी कळलं नाही. नवसाबाईंना कळलं. त्यांनी ओटीतली फुलं क्रेटमधे ओतली आणि उभ्या राहिल्या. "इथं? आमच्या मळ्यात?"

"अजून ठरलं नाही."

"गावात हाये ना शेड. तिथं करा मोठं."

"ती जागा पुरत नाही मावशी. बाहेरून येणारी माणसं फार होणार आहेत."

"मंग त्यांचं त्यांच्याकडं करा." नवसाबाईंनी सरळ विचारलं, "आन् आमची हिर? त्या हिरीचं पाणी पितो आमी."

उज्वला विहिरीकडं बघत राहिली. नकाशावर ती निळं टिंब होती, आणि गटाच्या बरोबर कडेला होती.

तेवढ्यात त्यांचा मुलगा हर्षल मोटारसायकलवरून आला. शहरात हारांचं दुकान चालवायचा. काय चाललंय ते त्यानं आईकडून ऐकलं आणि उज्वलाकडं वळला. आवाज चढवला नाही त्यानं.

"मॅडम, हे आधी दुसरीकडं होतं ना? पेपरात वाचल्यासारखं वाटतंय."

"होतं. तिथल्या लोकांनी हरकत घेतली."

"आणि आमची?"

"तुमची आली नाही. तुमच्या गटावर तेव्हा काही नव्हतंच."

"म्हणजे जो गप बसला त्याच्या उरावर." तो बापाकडं बघून म्हणाला, मग पुन्हा तिच्याकडं. "त्या लोकांची कुठली कॉलनी हो ती?"

"निसर्गवैभव."

"बरं. आणि तुम्ही कुठं राहता?"

गोरक्ष बूट पुसू लागला. टेपची पेटी त्याच्या काखेत होती. उज्वलाला खोटं सांगता आलं असतं; गंगापूर रोड म्हटलं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं. पण तिला तेवढाही जोर लावावासा वाटेना.

"तिथंच," ती म्हणाली. "निसर्गवैभवमध्ये."

हर्षल हसला नाही, शिवीही दिली नाही. तो फक्त "बरं" म्हणाला, पुन्हा एकदा. भिमाजी खाली वाकून फुलं तोडायला लागले. "हर्षल, क्रेट उचल," ते म्हणाले. "त्या नोकरी करत्यात. आपलं काम करू दे." त्यांनी चहाचं विचारलं नाही. नवसाबाई मात्र तिच्याकडंच बघत उभ्या होत्या, आपल्या प्रश्नाचं उत्तर यायचंय अशा.

"विहिरीचं मी लिहीन," उज्वला म्हणाली.

"लिव्हा," नवसाबाई म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर गोरक्षनं विचारलं, "मॅडम, घेऊ का मग हा गट?"

"नको."

"साहेब काय म्हणतील?"

"म्हणू दे."

त्या आठवड्यात तिनं आपला अभिप्राय लिहिला. पिंपळटेकच्या जागेत पिण्याची विहीर आहे, पिकती जमीन आहे, आणि निसर्गवैभवच्या मागची सरकारी पडीक जमीन सगळ्या कसोट्यांवर बरी आहे. आरक्षण तिथंच राहावं. खाली तिनं एक वाक्य स्वतःहून घातलं की अभिप्राय देणारी अधिकारी त्याच सोसायटीत राहते आणि तिच्या घरातूनही हरकत आलेली आहे.

हे बाहेर कसं गेलं कोण जाणे, पण गेलं. लिफ्टमध्ये ती शिरली की बोलणी थांबू लागली. महिलामंडळाच्या ग्रुपवर हळदीकुंकवाचा निरोप आला, त्यात व्यवस्था बघणाऱ्यांत नेहमी असणारं तिचं नाव नव्हतं. महेशला कुणीतरी पार्किंगमध्ये गाठून म्हणालं, "तुमचं घरातच एकमत नाही का?" तो वर येऊन चपला काढताना म्हणाला, "मी काय उत्तर द्यायचं ते एकदा सांगून ठेव मला." ती म्हणाली, "नाही म्हणून सांग. एकमत नाही." यावर त्याला किंचित हसू आलं. मग तो आंघोळीला गेला.

साहेबांनी तिला बोलावलं तेव्हा त्यांच्यासमोर तिचा अभिप्राय होता. ते रागावलेले दिसत नव्हते. कंटाळलेले होते.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "समितीलाही पटलंय. जागा तीच ठेवू. पण लोकांना काहीतरी द्यायला हवं ना? अर्धी करू. अर्ध्या जागेत बाग."

"सर, अर्ध्या जागेत पाच लाखांना कसं पुरेल?"

"पुरणार नाही. म्हणून पाच लाखांचे साडेतीन करा. तेवढ्यांना ओढूनताणून भागेल."

तिला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण साहेब थट्टा करत नसत.

"माणसं कमी येणार का मग?"

"कोण सांगणार आज? तुमच्या तीन रीतींमधली एक साडेतीनच सांगते ना? तीच धरा. तीन काढून सरासरी घ्यायलाच पाहिजे असा कुठं नियम आहे? जनगणनेचे आकडे आले की पुढचा बघेल. तेव्हा मी नसेन इथं."

त्यात खोटं असं काही नव्हतं. तीन रीतींमधली सगळ्यात कमी आकडा देणारी रीत खरंच साडेतीन लाख सांगत होती. तिनं स्वतःच तो हिशेब केला होता. ती टेबलाशी परत आली, आणि गोरक्षला म्हणाली, "नकाशा उघड."

एक आकडा बदलला की सगळं बदलतं, हे तिला ठाऊक होतं. तरी समोर होताना बघणं वेगळं. साडेतीन लाखांना दोन माध्यमिक शाळा कमी लागत होत्या. एक खेळाचं मैदान, एक दवाखाना, एक भाजीबाजार जादा ठरत होता. गोरक्ष एकेक रंगीत तुकडा पुसत गेला आणि तिथं पिवळा, राहण्याचा रंग भरत गेला. पुसलेल्यांतली एक शाळा निसर्गवैभवच्या पलीकडच्या चौकातली होती.

ती पुन्हा साहेबांकडं गेली. शाळा जाताहेत, दवाखाना जातोय, हे सांगितलं. साहेबांनी यादी वाचली. "जमीनवाले खूश होतील," ते म्हणाले. "हरकती कमी." मग जरा वेळानं, खिडकीकडं बघत, "तुम्ही विरोध लिहून द्या हवं तर. मी लावून ठेवीन."

तिनं लिहून दिला. साहेबांनी शब्द पाळला, कागद फाइलला लागला. आराखडा साडेतीन लाखांनीच मंजुरीला गेला.

पिंपळटेकला तिनं फोन करून हर्षलला सांगितलं की तुमचा गट सुटला. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "आईला सांगतो. ती रोज विचारत होती, बाई काही बोलल्या का." पलीकडून नवसाबाई काहीतरी बोलत होत्या, ते तिला कळलं नाही. त्यानंही परत सांगितलं नाही.

सोसायटीत हळूहळू बोलणं सुरू झालं. बाविस्कर एकदा गेटपाशी भेटले आणि स्वतःहून थांबले.

"वहिनी, मनात काही ठेवू नका. निम्मं तरी तुम्ही केलंत. बाग मिळाली." त्यांच्या हाताला चार वर्षांचा नातू होता. "ती चौकातली शाळा कधी सुरू होईल हो? याला तिथंच घालायचा विचार आहे पुढं."

"ती शाळा नाही आता काका. निघाली."

"निघाली म्हणजे? कुणी हरकत घेतली तिच्यावर?"

"कुणी नाही."

"मग?"

ती सांगू लागली. अमरधाम अर्धं करायला माणसं कमी धरली, माणसं कमी धरल्यावर शाळा जादा ठरली. बाविस्कर ऐकत होते. वीज मंडळात आयुष्य गेलेला माणूस, त्यांना हिशेब कळत होता. नातू हात ओढत होता.

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"मलाही आधी कुणी सांगितलं नव्हतं."

"मग आता हरकत कुठं घ्यायची?"

"मुदत गेली काका."

ते हळूहळू आपल्या विंगकडं गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली की नाही, उज्वलाला कळलं नाही. तिनंही चौकशी केली नाही.

घरी महेश टीव्ही बघत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं आवाज बंद केला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"मग तुझे ते पाच लाख?" त्यानं विचारलं.

"येतील ते. कागदावर नाहीत म्हणून थांबतात का?"

"पाय दे इकडं," तो म्हणाला. तिनं टाच त्याच्या मांडीवर ठेवली. तो अंगठ्यानं दाबत राहिला, आणि ती डोळे मिटून बसली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "पुढच्या वेळी विचारून करीन सही."

"हं."

सोमवारी साहेबांनी तिला पूर्व भागाची फाइल दिली. आडगावच्या बाजूला शहर वाढत होतं, तिथं वीस वर्षांनी किती माणसं असतील ते काढायचं होतं. तिनं गोरक्षला वीजमीटरांचे आकडे मागवायला सांगितलं आणि चहा मागवला.